काटा लालवर गेला, पण कधी?

माझी २००४ सालची ओम्नी तापायला लागली तेव्हा मी आधी रेडिएटर बदलला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी काटा पुन्हा वर. मग कुणीतरी सांगितलं म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो आणि दारातूनच सुरू झालो. नवा रेडिएटर घातलाय, पाणी रोज बघतो, तरी तापते. मेस्त्रींनी हातातला पाना खालीही ठेवला नाही.

"ते र्‍हाऊ दे. कधी तापत्या ते सांग की."

"कधी म्हणजे? तापते."

"जांबोटीपर्यंत जाऊन या मग. आणि गाणी न लावता काट्याकडे बघून या."

इंजिनावरची सीट न उचलता, एक नटही न फिरवता त्यांनी मला परत पाठवलं. राग आला होता. आज वाटतं, त्या दिवशी त्यांनी गाडी तपासायला सुरुवात केलीच होती, फक्त माझ्या डोळ्यांनी. इंजिन तापण्याची कारणं पंधरा-वीस निघतील, पण ती सगळी एकाच वेळी तापवत नाहीत. एक उभ्या गाडीत दिसतं, दुसरं चढावर, तिसरं सकाळी चावी फिरवल्यावर पाच मिनिटांत. "कधी" याचं नीट उत्तर मिळालं की पंधरातली दहा-बारा कारणं गॅरेजात जायच्या आधीच गळून पडतात.

त्याआधी आत काय चालतं ते थोडक्यात. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी उष्णता निघते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला लागतो. एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरासोबत जातो. उरलेला तेवढाच भाग इंजिनाच्या अंगात राहतो आणि तो बाहेर काढावा लागतो. हे काम पाणी करतं. पाणी म्हणजे हमाल समजा. इंजिनातून ओझं उचलायचं, पुढे रेडिएटरमध्ये आणून उतरवायचं, परत जायचं. हमालाला पळवतो तो पंप. ओझं उतरवून घेते ती वाऱ्याची झुळूक, म्हणजे गाडी पळताना समोरून येणारा वारा आणि उभी असताना पंखा. वाटेत एक दार आहे, थर्मोस्टॅट नावाचं. इंजिन थंड असताना ते बंद असतं, म्हणजे पाणी आतल्या आतच फिरून लवकर गरम होतं. बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या सुमाराला ते उघडू लागतं.

आणि एक झाकण. रेडिएटरची कॅप हा दीड-दोनशे रुपयांचा भाग आहे म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर. इथे उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना नाही, ९७-९८ ला उकळतं. इंजिनाचं काम चालतं नव्वदीच्या आसपास, म्हणजे मधे जेमतेम सात-आठ अंशांची जागा. घाटात तेवढी केव्हाच संपेल. कॅप पाण्यावर दाब धरून ठेवते. तिच्यावर ०.९ असा आकडा असेल तर आपल्या उंचीवर नुसतं पाणीसुद्धा ११७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरचंच तत्त्व. कुकरची रिंग गेली की डाळ शिजत नाही, इथे कॅपचं रबर गेलं की पाणी वेळेआधी उकळतं. रबराला चिरा पडल्यात का, स्प्रिंग दाबून सोडल्यावर परत येते का, मधली छोटी झडप बोटाने ओढली तर हलते का, एवढंच बघायचं. अर्थात थंड गाडीवर.

उभी असताना तापते, पळाली की उतरते

गणपतीच्या खरेदीच्या दिवसांत खडेबाजारात अडकलात, काटा वर चढला, आणि गर्दीतून सुटून हायवेला लागलात तसा खाली आला. ही सगळ्यात सोपी केस. पळताना समोरचा वारा मिळतोय तोवर सगळं ठीक आहे, म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटर बऱ्यापैकी मोकळा आहे. उभ्या गाडीत वारा आणणारा पंखा काम करत नाही.

विजेवरचा पंखा असेल तर इंजिन चालू ठेवून काटा मधल्या खुणेच्या वर सरकेपर्यंत थांबा आणि पंखा सुरू होतो का ऐका. झाला नाही तर आधी फ्यूज, मग रिले बघा. तेही ठीक असेल तर रेडिएटरजवळ किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसवलेला पंख्याचा स्विच उरतो. जुन्या, साध्या वायरिंगच्या दोन तारांच्या स्विचची जोडणी काढून त्या दोन तारा एकमेकींना जोडल्या की पंखा फिरायला हवा. फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर मोटर किंवा तिच्यापर्यंतची वायर. बोटं मात्र पात्यांपासून लांब. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

याच संदर्भात एक गंमत सांगतो, कारण ती दोनदा बघितली आहे. पंख्याची मोटर दुरुस्त करून आणली, पंखा जोरात फिरतोय, तरी गाडी तापते. तारा उलट्या जोडल्यामुळे पंखा उलटा फिरत होता! रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा पुढून वारा आत ओढतो. समोरच्या जाळीपाशी वर्तमानपत्राचा तुकडा धरायचा. तो जाळीला चिकटला तर दिशा बरोबर. उडून अंगावर आला तर तारा बदला.

जुन्या कमांडर जीपसारख्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर चालतो. पट्टा सैल आहे का ते मधोमध अंगठ्याने दाबून कळतं. बोटभर आत गेला तर सैल. आणि पंख्याभोवतीचं कडं, ते बऱ्याच जुन्या जीपमध्ये कुठल्यातरी कामात काढलेलं असतं आणि परत बसवलेलंच नसतं. कडं नसेल तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचाच गरम वारा घुसळत बसतो. "त्याच्यावाचून काय अडतंय" म्हणणाऱ्याला विचारा, मग कंपनीने ते लावलं कशाला?

पळवली, चढावर घेतली की तापते

माझी गाडी यात निघाली. पिरणवाडी ओलांडेपर्यंत काटा शहाण्यासारखा मध्यावर होता. पुढे मोकळा रस्ता मिळाला, सत्तरच्या वर गेलो आणि काटा हलला. वेग कमी केला की दोन-तीन मिनिटांत परत मध्यावर. हे मेस्त्रींना येऊन सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा उठले.

वेगात किंवा चढावर इंजिन जास्त इंधन जाळतं, उष्णता जास्त निघते. तेव्हाच काटा चढत असेल तर हमालांची ये-जा किंवा ओझं उतरवायची जागा, दोन्हींपैकी काहीतरी अपुरं पडतंय. रेडिएटर आतून बुजलेला, बाहेरून बुजलेला, पंपाची पाती गंजून झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धाच उघडणारा. माझ्याकडे रेडिएटर तर नवा होता.

मेस्त्रींनी सीट उचलली, मला ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन खाली वाकले. मग जागा बदलली, ते सीटवर, मी खाली. इंजिन रेसवर गेलं तसा खालचा जाड रबरी पाइप माझ्या डोळ्यांदेखत चपटा झाला, उसाचं चिपाड दाबल्यासारखा. रेस सोडली की पुन्हा गोल. खालचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. पंप जोरात फिरतो तेव्हा तो या पाइपातून पाणी खेचतो. रबर म्हातारं होऊन लिबलिबीत झालं असेल किंवा आतली आधाराची स्प्रिंग गंजून गेली असेल, तर पाइप आत ओढला जातो आणि ऐन गरजेच्या वेळी वाट बंद होते. त्यात माझी कॅपही सैल होती, दाब धरतच नव्हती. आत दाब असता तर त्यानेच पाइप थोडाफार फुगवून ठेवला असता. दोन किरकोळ दोष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालले होते आणि मी बिचाऱ्या रेडिएटरला घराबाहेर काढला. गॅरेजात रेस न देता हे कुणाला दिसलं नसतं, कारण रेस नसताना पंप तेवढ्या जोराने ओढतच नाही.

बाहेरून बुजणं हा मात्र आपल्या भागाचा खास आजार. निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि हवेत पाचटाचा भुसा. त्यांच्या मागे रांगत गेलेल्या प्रत्येक गाडीच्या जाळीत तो बसतो. एसी असलेल्या गाडीत बहुधा रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. माझ्या मेव्हण्याच्या सुमोत पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ, मागून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ, आणि दोघांच्या मधे भुसा, धूळ, मेलेले किडे यांची चक्क गोधडी झाली होती. वरचे बोल्ट सैल करून दोघांत फट केली तेव्हा ती दिसली. धुवायची ती मागून पुढे, म्हणजे वारा ज्या दिशेने येतो त्याच्या उलट, आणि साध्या नळीच्या पाण्याने. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ जाळ्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो.

आतून बुजणं हे बोअरच्या पाण्याचं काम. अंघोळीच्या बंबात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. बंबातला आपण खरवडतो, इथे हात पोचत नाही. रेडिएटर कोमट असताना त्याच्यावरून सगळीकडे तळहात फिरवा, पंखा आणि इंजिन बंद करून. मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून, नळ्यांत सळ्या घालून साफ करतो आणि परत झाळून देतो. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर फार खटपट न करता बदललेला बरा.

चढावर तापणाऱ्या गाडीचा एक दोष चालवणाऱ्यातही असतो. गोव्याहून चोर्ला घाटाने वर येताना जवळजवळ समुद्रसपाटीवरून सुमारे ८०० मीटर उंची गाठावी लागते. तिथे चौथ्या गिअरमध्ये गुरगुरत गाडी ओढली तर इंजिनावर ओझं पूर्ण, पण फेरे कमी. फेरे कमी म्हणजे पंप हळू, पट्ट्यावरचा पंखा हळू. एक गिअर खाली घ्या. आवाज वाढेल, डिझेल थोडं जास्त जाईल, काटा उतरेल. "जास्त रेस केली तर गाडी जास्त तापेल" ही समजूत घाटात नेमकी उलटी पडते.

सकाळी काढली आणि पाच मिनिटांत वर

इथे थर्मोस्टॅटचा संशय पहिला. इंजिन सुरू करून काटा मधे येईपर्यंत थांबा आणि इंजिन बंद करून वरचा आणि खालचा असे दोन्ही पाइप जपून हाताने बघा. वरचाही गार आणि काटा मात्र चढतोय, तर दार उघडलंच नाही. वरचा कढत आणि खालचा बराच वेळ गारच, तर दार अर्धवट उघडतंय किंवा रेडिएटर तुंबलाय. थर्मोस्टॅट काढून घरी तपासता येतो. टोपात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, तळाला टेकू द्यायचा नाही, सोबत पाणी मोजायचा थर्मामीटर. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो हळूहळू उघडायला लागला पाहिजे. बेळगावचं पाणी ९७ ला उकळत असलं तरी ८८ चा थर्मोस्टॅट तेवढ्यात सहज उघडतो. टोप मात्र जुनाच घ्या. मी स्वयंपाकघरातला चांगला घेतला होता, तो विषय अजून संपलेला नाही.

नुकतंच पाणी किंवा पाइप बदलले असतील तर हवेचा फुगाही अडकलेला असतो. ओम्नीसारख्या गाडीत रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली, मधे लांब पाइप. हवा अडकायला भरपूर जागा. पाणी हळूहळू भरायचं, कॅप उघडी ठेवून थंड इंजिन सुरू करायचं आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत पातळी भरत राहायची.

ते बुडबुडे थांबतच नसतील तर मात्र बातमी वाईट आहे. सिलिंडर हेडचा गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग, फुटला असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी गरम व्हायच्या आधीच, वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. बाहेर कुठे गळत नाही, तरी पाणी कमी होतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसतं. या एकट्या शेवटच्या खुणेवर विसंबू नका. खानापूर-कणकुंबी भागात पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसत्या दमटपणाने पिवळट साय जमते. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर लगेच हेड उघडायची घाई नको.

पाणी कमी होतंय पण गॅस्केटच्या खुणा नाहीत, तर पंपाच्या खालच्या बारीक भोकाकडे बघा. आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं आणि मागे पांढरा-हिरवा ओघळ ठेवतं. हीटर असलेल्या गाडीत हीटरच गळत असेल तर पायाखालचं मॅट ओलं लागतं आणि गोडसर वास येतो.

काही वेळा पाण्याची बाजू सगळी ठीक असते आणि ओझंच जास्त असतं. एखाद्या चाकाचा ब्रेक जाम झालेला असतो. दहा किलोमीटर चालवून चारही रिमजवळ हात न्या, एकच चाक भट्टीसारखं लागेल. जुन्या पेट्रोल गाडीत ठिणगीची वेळ सांभाळणारे पॉइंट झिजले की ठिणगी उशिरा पडू लागते, गाडी मरगळते आणि तापते.

काटाही खोटं बोलतो. सेन्सरची वायर सोलून बॉडीच्या पत्र्याला टेकली तर गाडी गार असताना लालवर जातो. याच्या उलट जे होतं ते जास्त घातक: पाणी सगळं संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि वर गेलेला काटा अचानक खाली येतो. माणूस म्हणतो, चला, थंड झाली! हीच वेळ गाडी ताबडतोब बंद करायची.

"थर्मोस्टॅट काढून टाक"

हा सल्ला आपल्याकडे मराठीत मिळतो, कन्नडमध्ये मिळतो, सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे मिळतो आणि पलीकडेही मिळतो. "गाडी बिसी आगेती", म्हणजे गाडी तापलीय, म्हणत कुणी गॅरेजात शिरला की पहिला बळी थर्मोस्टॅटचा. माझं याबाबतीत कुणाशीच जमत नाही. तो अडकला असेल तर बदला, नवा काही सोन्याचा नसतो. काढून टाकला तर इंजिन नीट गरमच होत नाही, इंधन जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरी आडवाट बंद करतो. तो नसेल तर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता त्या आडवाटेनेच परत इंजिनात जातं आणि तापणारी गाडी आणखी तापते.

पाण्याबद्दल एवढंच की बोअरचं घालू नका. कूलंट आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते. कूलंटमुळे उकळायची मर्यादा वाढते, त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतला गंज थांबतो. रंगावर जाऊ नका, हिरवा म्हणजे सगळीकडे एकच असं काही नसतं. दोन वेगळे मिसळण्यापेक्षा सगळं काढून, धुऊन एकच भरा. आणि काढलेलं अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री आणि जनावरं चाटतात आणि मरतात.

घाटात काटा लाल झाला तर

एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण चालू. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, घाम फुटेल पण इंजिनाचं ओझं हलकं होईल. वळण सोडून, मागच्याला दिसेल अशा जागी गाडी बाजूला घ्या. वाफ नाही, पाणी सांडत नाही, पंखा फिरतोय, तर इंजिन मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू राहू द्या, पाणी फिरत राहील. वाफ दिसली किंवा पाणी गेलं असेल तर त्याच क्षणी बंद.

मग थांबायचं. अर्धा तास म्हणजे खरोखर अर्धा तास, कितीही जण "काय होत नाही ओ, फडकं धरून उघडा" म्हणाले तरी. कॅप उघडली की दाब जातो आणि इतका वेळ दाबामुळे न उकळलेलं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. इंजिनावर वरून गार पाणी ओतणं हाही आपल्याकडचा लाडका उपाय. ॲल्युमिनियमचा हेड तेवढ्याने वाकतो, कधी चिरतो, आणि दोनशे रुपयांच्या कॅपचं दुखणं हेड उतरवण्यावर जातं.

वरचा पाइप हाताला सोसवेल इतका निवला की कॅप जाड फडक्यातून थोडी फिरवून दाब सोडा, मग काढा. पाणी थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून भरा. अशा वेळी बाटलीतलं, झऱ्यातलं, मिळेल ते चालतं, घरी गेल्यावर काढून टाकायचं. कॅप लावल्यावर दोन मिनिटं थांबून वरचा पाइप पुन्हा दाबून बघा. मऊ असेल तर खालच्या गिअरमध्ये सावकाश निघा. एवढ्यातच दगडासारखा कडक झाला असेल तर चावी काढून टोइंगवाल्याला फोन लावा.